चालेल!

मुलीचे लग्न आणि गाडीची खरेदी या दोन बाबतींत आपल्याकडे ज्याला विचारलेले नसते त्याचा सल्ला सर्वांत आधी येतो. लग्नाच्या बाबतीत सल्ला देणारा निदान शेवटी "बघा बुवा, तुमची मर्जी," असे म्हणून चहा पितो. गाडीच्या बाबतीत मर्जीही त्याचीच असते. चहा आणि पैसे तेवढे आपले. ज्याने जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही असा गृहस्थसुद्धा "इंजिन कुठलं घेताय?" हा प्रश्न अशा आवाजात विचारतो, की आपण परीक्षेला येऊन बसलो आहोत आणि पेन घरी राहिले आहे असे वाटावे.

मला स्वतःला मोटारीचे दोनच भाग ठाऊक होते. एक दार आणि दुसरा मीटर. दोन्ही टॅक्सीचे.

त्यातून आम्ही राहणार कुर्ल्याला. कुर्ल्यात राहून मोटारीतले काही कळत नाही असे म्हणणे म्हणजे देवगडला राहून आंबा ओळखता येत नाही असे म्हणण्यासारखे आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना आमच्या कुर्ल्याला उभा राहिला. आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट, आणि सत्तरच्या दशकात त्याच फियाटचे बारसे होऊन झालेली पद्मिनी, या सगळ्या कुर्ल्याच्या लेकी. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, ते सोडा. दुसऱ्या बाजूला आमचा सी.एस.टी. रोड. या नावाचा बोरीबंदरच्या स्टेशनाशी काडीचा संबंध नाही. सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची एक रेल्वे १९२८ ते १९३४ अशी सहाच वर्षे इकडून धावली. गाडी गेली, रूळ गेले, नाव राहिले. त्या रस्त्यावर गॅरेजे, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आणि भंगारवाले. म्हणजे मोटारीचे बारसे आणि बारावे दोन्ही कुर्ल्यातच उरकायची सोय. मधल्या काळात ती बाहेर कुठे फिरून येई तेवढेच.

तरीही आमच्या घराण्यात गाडी नव्हती, आणि घ्यायची वेळ आली ती हौसेपोटी नाही.

२००३ सालच्या दिवाळीनंतर आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे अगदी सगळी गेली नाही. महिन्याभराने एक शब्द परत आला. तो शब्द म्हणजे "चालेल".

दादांनी पस्तीस वर्षे म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवले होते. त्या पस्तीस वर्षांत त्यांना काहीही चालले नव्हते. उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर चालत नसे, रीत बरोबर आणि अक्षर वाईट असेल तरी चालत नसे. माझे लग्न त्यांना जेमतेम चालले. अशा माणसाच्या तोंडी देवाने नेमका हाच शब्द ठेवावा यामागे देवाचा काही हिशेब असेल तर असो. "दादा, भात वाढू?" "चालेल." "दादा, पंखा बंद करू?" "चालेल." "दादा, दुखतंय का हो?" "चालेल." आई पदराने डोळे पुसायची आणि पुसता पुसता हसायची. "चाळीस वर्षांपूर्वी हा एक शब्द शिकले असते तर," म्हणायची.

डॉक्टरांनी सांगितले, आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी शीवला न्या. हात हलला पाहिजे, पाय उचलला पाहिजे. कुर्ल्याहून शीव म्हणजे रेल्वेचे एकच स्टेशन. पण रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या चढवायच्या कोणी? रिक्षा शीवच्या हद्दीपाशी थांबते. त्यापुढे मुंबई शहर सुरू होते आणि शहरात रिक्षाला मज्जाव. राहिली टॅक्सी. टॅक्सी म्हणजे आमच्याच कुर्ल्याची लेक, पद्मिनी. पण तोवर बहुतेक टॅक्स्या सीएनजीवर गेल्या होत्या आणि गॅसच्या सिलिंडरने डिकी पुरती भरली होती. चाकांची खुर्ची ठेवायची कुठे? टॅक्सीवाला वर टपावर बोट दाखवी. मग ती खुर्ची टपावर चढवायची, दोरीने बांधायची, आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसे वर खुर्ची आणि आत माणूस बघून कसला उत्सव आहे याचा अंदाज करायची. शिवाय पद्मिनीची सीट खोल. दादांना त्यात बसवता येई; बाहेर काढताना मात्र मी, टॅक्सीवाला आणि एखादा वाटसरू असे तिघे लागत.

तेव्हा गाडी घ्यायची आणि ती व्हॅन घ्यायची हे हिने ठरवले. त्यात तिने इंजिनाचा विचार केला नव्हता. तिने दाराचा विचार केला होता. व्हॅनचे दार सरकते, उंबरा बेताचा, सीट कमरेच्या उंचीवर. माणसाला फक्त मागे टेकवून फिरवले की झाले. आणि मागच्या सीटच्या पाठीमागे मिटलेली खुर्ची उभी राहते. ही सगळी मोजमापे तिने खालच्या वाण्याच्या व्हॅनमध्ये शिवणकामाच्या टेपने घेतली होती. वाणी तोवर फरसाणाची पोती उतरवायची थांबवून उभा होता.

नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी घ्यायची ठरली आणि त्या रविवारी आमच्या घरी इंजिन या विषयावर परिषद भरली.

पहिले भाषण माझ्या मेहुण्याचे. मेहुणा बँकेत आहे आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे तो दर किलोमीटरी किती पडते या नजरेने बघतो. त्याचे म्हणणे, सीएनजी बसवून घ्या. पेट्रोलच्या निम्म्याहून कमी खर्च. तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा डिझेलचे. "डिझेलसारखं इंजिन नाही. आमच्या कंपनीची मॅटाडोर होती, पुण्याच्या बजाज टेम्पोची. दहा माणसं घालून खंडाळ्याचा घाट चढायची." व्हॅनमध्ये डिझेल येत नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मॅटाडोर घ्या." आमच्या इमारतीच्या फाटकातून मॅटाडोर आत येत नाही म्हटल्यावर त्यांनी फाटकाबद्दल सोसायटीच्या चिटणीसांवर टीका केली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी आवाज खाली आणून मला गॅलरीत नेले आणि सांगितले, "घरगुती सिलिंडर मागे ठेवायचा. एक नळी जोडायची. निम्म्या मुंबईतल्या व्हॅन अशाच पळतायत." हे बेकायदेशीर तर आहेच, पण चुलीवरचा सिलिंडर पाठीशी घेऊन हिंडणे म्हणजे स्वतःच्या चितेची सोय बरोबर ठेवणे आहे. ही आतून ओरडली, "इथे स्वैपाकाचा नंबर लागायला तीन तीन आठवडे! गाडीला काय घालू, रॉकेल?"

शेवटी बोलले फियाटकाका. फियाटकाका आमचे सख्खे शेजारी. प्रीमियरच्या कारखान्यात इंजिन जोडणीच्या खात्यात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालेले. नाव दुसरे आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळून बघत नाहीत. त्यांचा मुळात व्हॅनलाच विरोध. "इंजिन कुठं असतं? गाडीच्या नाकात असतं. फियाटचं बॉनेट उघडा, अकराशे सीसीचं इंजिन कसं मांडी घालून बसलेलं असतं! हिचं इंजिन कुठंय? ड्रायव्हरच्या बुडाखाली! ही गाडी आहे का कोंबडी?"

यातला राग बाजूला ठेवला तर माहिती खरी होती. मारुतीची ही व्हॅन १९८४च्या अखेरीला आली, १९८८मध्ये तिचे नाव ओम्नी झाले. इंजिन मारुती आठशेचेच, ७९६ सीसी, तीन सिलिंडरांचे. ते पुढच्या सीटखाली निजवलेले आणि रेडिएटर मात्र पुढे नाकाशी. फिरवायची ती मागची चाके. पुढची सीट उचलली की इंजिनाचे दर्शन होते. म्हणजे इंजिन तपासायचे असेल तर बायकोला खाली उतरवावे लागते. पुढल्या आठ वर्षांत ही किती वेळा, कुठे कुठे आणि कुठल्या साडीत उतरली आहे याची नोंद तिच्याकडे आहे.

"घ्यायचीच असेल," फियाटकाका म्हणाले, "तर कार्ब्युरेटरवाली घ्या. नवीन ते एमपीएफआय बिलकुल नको. त्यात कॉम्प्युटर असतो. ज्याच्या पोटात माझा हात जात नाही ते इंजिन माझ्याकडे आणायचं नाही." आम्ही ते त्यांच्याकडे आणणार आहोत हे कोणी म्हटलेही नव्हते. पण निवृत्त माणसाच्या वाक्यात काही गोष्टी गृहीत असतात.

सीएनजीचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला. मेहुण्याने कागदावर आकडे मांडले होते. गॅसचे तोटे तोही सांगत होता, प्रामाणिक माणूस. इंजिनाची ताकद थोडी घटते, सुरू करताना पेट्रोलच लागते, गॅस कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्ह लवकर झिजतात, दोनशे किलोच्या दाबाने गॅस भरलेला तो जाड पोलादी सिलिंडर ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावा लागतो आणि आर.टी.ओ.त जाऊन पुस्तकावर नोंद करावी लागते. पण पैसा वाचतो! मला पटले होते. मी खुर्चीतल्या दादांकडे वळून म्हणालो, "काय दादा, गॅस बसवू या?"

दादा म्हणाले, "चालेल." पण म्हणताना त्यांनी डावा हात पुढे केला आणि मेहुण्याच्या हातातला कागद ओढून घेतला. मग पेन मागितले. म्हणजे पेनाकडे बोट दाखवले. आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या आकड्यांत त्यांनी गणित घातले. शीवची एक फेरी जाऊन येऊन दहा किलोमीटर. आठवड्याला तीस. वर्षाला दीड हजार. किलोमीटरमागे बचत दीड रुपया, ही मेहुण्याचीच. वर्षाची बचत सव्वादोन हजार. गॅसचे सगळे साहित्य बसवायचे मेहुण्याच्या ओळखीतले भाव पस्तीस हजार. भागाकार केला. उत्तर आले पंधरा वर्षे आणि वर काही महिने. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. रीत दाखवलेली होती.

घरात कोणी बोलेना. मेहुण्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही सूट मिळते का. टॅक्सीवाला दिवसाला शे-दीडशे किलोमीटर फिरतो; त्याचा सिलिंडर वर्षभरात फिटतो. आमची गाडी शीवला जाऊन परत येणार. तिला कुठले इंधन स्वस्त पडते याच्यापेक्षा ती उभीच जास्त राहणार हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. आणि मग हिने शिवणाचा टेप आणला. "तो सिलिंडर ठेवणार कुठं? मागच्या सीटच्या पाठीमागं ना? मग दादांची खुर्ची कुठं? टपावर?"

पेट्रोल ठरले.

गाडी मिळाली चेंबूरला. १९९७ची, पांढरी, पाच सीटांची, एका हाताने वापरलेली. फियाटकाका बरोबर होते. त्यांनी सीट उचलून कान लावला, दांडी काढून तेल बोटांवर चोळले, सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला, चाकाखाली वाकून पाट्यांच्या स्प्रिंगा चाचपल्या आणि विकणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने "कोंबडी" असे म्हणाले. तो सगळा भाव पाडण्याचा डाव होता. बासष्ट हजारांवरून पंचावन्नवर आणायचे आमचे ठरले होते. दादांना आम्ही दार सोयीचे पडते का बघायला म्हणून नेले होते. ते आत अगदी छान बसले. विकणारा नेमका त्यांच्याकडे वळून नम्रपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही वडीलधारे. बासष्टला चालेल ना?"

पुढचे सांगायला नको.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला पोलिसाने अडवले. हिंदी सिनेमाने या व्हॅनचे एक नाव करून ठेवले आहे. नायिकेला, उद्योगपतीच्या मुलाला किंवा साक्षीदाराला पळवायचे झाले की सरकत्या दाराची हीच गाडी करकचून थांबते, दार सर्रकन उघडते आणि चार हात बाहेर येतात. तर शीवच्या त्या इस्पितळासमोर मी आणि फियाटकाका असे दोघेजण एका न बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून व्हॅनमध्ये ढकलत होतो. दादांचा एक पाय बाहेर राहिला होता. हवालदार आला. आमच्याकडे न बघता तो दादांना म्हणाला, "काय बाबा, ही माणसं तुमचीच ना?"

"चालेल," दादा म्हणाले.

हवालदाराने लायसन्स, पुस्तक, विमा, सगळे पाहिले. शेवटी खुर्ची मागे ठेवताना त्यानेच हात लावला.

गाडी आली तशी फियाटकाकांची रविवार सकाळ आमची झाली. सकाळी आठला ते खालून हाक मारत. मी आणि मुलगा दादांना खुर्चीसकट पहिल्या मजल्यावरून खाली आणत असू, कारण सबंध आठवड्यात त्यांना मोकळी हवा एवढीच. काकांनी हत्यारे मांडलेली असत. देखभाल म्हणजे काय हे मला तिथे कळले. माझी कल्पना होती की गाडी बंद पडली की दुरुस्त करायची. काकांच्या मते बंद पडते ती गाडी नव्हेच, मालक बंद पडलेला असतो. दर रविवारी दांडीवर तेल पाहायचे. रेडिएटरचे पाणी थंड इंजिनावर पाहायचे. गरम असताना टोपण उघडणाऱ्याला त्यांनी कारखान्यात एकदाच पाहिले होते, नंतर त्याला भुवया नव्हत्या. हिच्यात रेडिएटर नाकाशी आणि इंजिन पोटाशी, त्यामुळे पाण्याच्या रबरी नळ्या लांबलचक. त्या दाबून बघायच्या, कडक झाल्या की बदलायच्या. हवेचा फिल्टर झटकायचा. कुर्ल्याच्या हवेत तो महिन्यात काळा होतो, आणि आपल्या फुप्फुसाला फिल्टर नाही हे काका दर वेळी बजावत. दरवाजाच्या रुळांना ग्रीस. तेल पाच हजार किलोमीटरला बदलायचे. पण आमच्यासारख्या आखूड फेऱ्या मारणाऱ्यांनी किलोमीटरची वाट न बघता सहा महिन्यांनी बदलायचेच, कारण इंजिन पुरते तापायच्या आत शीव येते आणि आत ओल धरते. ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा पटली. आपल्याला वाटते कमी वापर म्हणजे कमी झीज.

आणि तीन प्लग. ते काकांनी पहिल्या रविवारी काढून फडक्यावर ठेवले आणि एक प्लग व पॉलिश पेपरचा तुकडा मुकाट्याने दादांच्या उजव्या हातात दिला. उजव्या! मी म्हणालो, "काका, त्यांचा तो हात…" काका म्हणाले, "तुम्ही तिकडं टायरची हवा बघा."

प्लग पहिल्या दिवशी चार वेळा खाली पडला. चारही वेळा काकांनी उचलून दिला आणि एकदाही दादांच्या तोंडाकडे पाहिले नाही. ते सबंध वेळ फियाटच्या १९६४च्या डिलाइट मॉडेलबद्दल बोलत होते. तीन महिन्यांनी प्लग पडेनासा झाला. सहा महिन्यांनी दादा फिलरची पाती त्या फटीत घालून गॅप तपासू लागले, आणि पाऊण मिलिमीटरला जरा कमी-जास्त झाले की मान हलवू लागले. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी, "घरी काय करून घेता?" म्हणून विचारले. रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो तर आमच्या मुलाने केव्हाच क्रिकेटमध्ये हरवला होता. मी खरे सांगितले. त्यांनी ते कागदावर काय म्हणून लिहिले कोण जाणे. व्हॅनचे प्लग मात्र आख्ख्या कुर्ल्यात तिच्याइतके स्वच्छ कोणाचे नसतील. दर आठवड्याला प्लग घासण्याची मुळात गरज नसते, हे मला सी.एस.टी. रोडच्या उस्तादने पुढे कधी तरी सांगितले. मी काकांना ते बोललो नाही.

मग २६ जुलै २००५ आला. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कुर्ल्यात शिरली. त्या दिवशी कुर्ल्यात ज्यांची घरे गेली, माणसे गेली, त्यांच्यासमोर आमच्या व्हॅनची कथा सांगायची लाज वाटते. म्हणून थोडक्यात सांगतो. मी फोर्टहून चालत निघालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचलो. आमच्या आवारात छातीभर पाणी. दादा गॅलरीत बसून होते. ही म्हणाली, व्हॅनचा टप दिसेनासा झाला तेव्हापासून तिथून हलले नाहीत.

अठ्ठावीस तारखेला पाणी उतरले. व्हॅन जागच्या जागी होती, फक्त आत बाहेर चिखलाने सारवलेली. फियाटकाका डोंबिवलीला मुलीकडे अडकलेले. आवारातला जो तो आपापल्या गाडीशी. माझ्या शेजारच्या गाडीच्या मालकाने देवाचे नाव घेऊन चावी फिरवली. आतून ठक् असा एकच आवाज आला, खलबत्त्यात काही फुटावे तसा. तो मालक म्हणाला, "तुमची बघा बरं." मी दार सरकवले, आत बसलो, चावी लावली.

"नको!"

आवाज वरून आला. मला वाटले, अप्पा असतील. वर पाहिले तर गॅलरीत दादा कठड्याला धरून उभे होते. उभे! "नको!" ते पुन्हा ओरडले, आणि उजव्या हाताने, ज्या हाताने प्लग घासायचे त्या हाताने, हवेत काही तरी उलटे फिरवून दाखवले. प्लग काढ. आधी प्लग काढ.

काकांनी दर रविवारी सांगितलेले असणार. मी टायरची हवा बघत होतो, ऐकले दादांनी. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते दाबले जात नाही. दट्ट्या वर येतो, पाणी हटत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा असती तर दबली असती. शेजारच्या गाडीत झाले ते हेच.

आई म्हणाली, "अहो, तुम्ही बोललात!" दादांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चालेल."

दोन दिवसांनी काका आले. बॅटरीची तार सोडली, प्लग काढले, पंख्याचा पट्टा धरून इंजिन हाताने फिरवले. तिन्ही भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या. तेलाची गुडदी काढली तर खाली तेल नाही, अमृततुल्य चहा आला. पाणी मिसळले की तेलाचा रंग अगदी तसा होतो. नवे तेल घालून, फिरवून तेही काढले. पुन्हा नवे. गिअरबॉक्सचे तेल, मागच्या डिफरन्शियलचे तेल, कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे ड्रम, सगळे उघडून धुतले. स्टार्टर आणि अल्टरनेटर घेऊन मी सी.एस.टी. रोडवर उस्तादकडे गेलो. तिथे बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. उस्ताद थकलेला होता. "कितनी बार चाबी मारा?" त्याने विचारले. एकदाही नाही म्हटल्यावर त्याने हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहिले. "किसने बोला था?" मी म्हणालो, वडिलांनी. "मिस्त्री हैं?" "नाही, गणिताचे मास्तर." यावर त्याने मजुरीत काही कमी केले नाही, पण चहा पाजला.

अकराव्या दिवशी व्हॅन सुरू झाली. सीटच्या फोमचा वास मात्र पुढे दोन वर्षे गेला नाही. फियाटकाका बराच वेळ सीटखालच्या त्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. मग टपावर थाप मारून म्हणाले, "गुरगावची असो नाही तर कुठली. आता कुर्ल्याचं पाणी प्यायली. आता आपली." त्यानंतर त्यांनी तिला कोंबडी म्हटले नाही.

दादांच्या शब्दांत "नको" ची भर पडली, आणि पुढे आणखी पाच-सहा. त्यांतला एक शब्द "रीत" हा होता, तो माझ्या मुलाच्या वाट्याला आला. शीवच्या फेऱ्या तीनवरून एकीवर आल्या, मग बंद झाल्या. मग व्हॅन बाजार, लग्ने, मेहुण्याचे घर बदलणे असल्या कामांना लागली. मेहुण्याचे सामान चार फेऱ्यांत हलवले आणि त्याने दर फेरीला पेट्रोल किती पडले ते विचारले.

२०१२ साली गाडीला पंधरा वर्षे झाली. पुस्तकाची मुदत संपली. पुन्हा पासिंग, पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर. खाली पत्रा गंजला होता. विकायचे ठरले. घ्यायला घाटकोपरचा एक भाजीवाला आला, चुणचुणीत मुलगा होता. त्याने सीट उचलून इंजिन पाहिले आणि शीळ घातली. माझ्या मनात तीस हजार होते. फियाटकाकांनी मला बजावले होते, पस्तीस सांगा, अठ्ठावीसच्या खाली उतरू नका, आणि काय वाटेल ते करा पण दादांना वर ठेवा. पण दादा काठी टेकत, कठड्याला धरून, आपल्या पायांनी खाली आलेले. त्यांना कोण अडवणार?

मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली, गंजावर नख खरवडले आणि फार आदराने दादांच्या पायाला हात लावला.

"आजोबा," तो म्हणाला, "बावीस देतो. चालेल?"

मी दादांकडे पाहिले. काकांनी दादांकडे पाहिले. दादांकडे आता "नको" होता, चांगला सात वर्षांचा, वापरून तयार झालेला. त्यांनी मुलाकडे पाहिले, गाडीच्या सरकत्या दाराकडे पाहिले, आणि मग अगदी स्वच्छ आवाजात, शाळेत मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचा त्या आवाजात म्हणाले,

"चालेल."

प्लग मात्र काकांनी काढून ठेवले. मुलाला नवे तीन स्वतःच्या पैशांनी घालून दिले.